कपाटाची किल्ली

मागच्या महिन्यात एक तरुण शिक्षक घरी येऊन गेले. आमच्या केळापूर तालुक्यातल्याच एका कोलाम पोडावरच्या शाळेत आहेत. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. तालुक्याचं नाव केळापूर, पण तहसील कचेरी, बाजार, बसस्टँड सगळं पांढरकवड्याला. केळापूर हे शेजारचं गाव, जगदंबेच्या देवळासाठी प्रसिद्ध. आणि पोड म्हणजे कोलामांची वस्ती, गावापासून बाजूला, बहुधा रानाच्या कडेला.) त्यांनी मोबाईल काढून मला काय काय दाखवलं! पुस्तकातल्या कवितांना चाली, गणिताचे खेळ, पाण्याच्या चक्राचं हलतं चित्र. मी चष्मा पुसून पुसून बघत होतो. निघताना ते म्हणाले, "गुरुजी, तुमच्या वेळेस तर काहीच साधनं नव्हती. कसे शिकवत होते तुम्ही?"

मी नेहमीचं उत्तर दिलं. खडू, फळा आणि तळमळ. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि गेले.

रात्री झोप लागेना. कारण मी त्या पोराला खोटं सांगितलं होतं. साधनं होती. कपाटात होती, आणि कपाटाची किल्ली माझ्याच खिशात होती.

म्हणून हा लेख. शाळेत शिकवायची साधनं कुठून कुठून आली आणि त्यांचं काय काय झालं, याचा जमेल तसा इतिहास लिहून ठेवतो. थोडा पुस्तकातला, थोडा माझा.

माझा जन्म १९५१चा. पहिलीत गेलो तेव्हा शाळेत पाटी, लेखणी, भिंतीवर बाराखडीचा तक्ता आणि एक टकळी होती. टकळी कशाला, असं आजची मुलं विचारतील. आमच्या शेजारच्या वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली होती. तिच्यातून नयी तालीम निघाली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम केला. हाताने काम करता करता शिकायचं, ही मूळ कल्पना. आमच्याकडे कापूस घरोघरी, त्यामुळे टकळीला तोटा नव्हता. पण आमच्या शाळेपर्यंत पोचता पोचता कल्पना वाटेत कुठे तरी गळून पडली आणि नुसती टकळी उरली. आठवड्यातून एकदा सूत काढायचं, गुरुजींनी ते मोजायचं, संपलं. त्या सुतावरून गणित शिकवावं, कापसावरून भूगोल शिकवावा, हे आमच्या गुरुजींना कोणी सांगितलंच नसावं. त्यांचा दोष नाही. साधन येतं आणि त्यामागचा विचार मागे राहतो, हे पुढे मी आयुष्यभर बघितलं.

याच्या उलट उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यात बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. (आता तो भाग पालघर जिल्ह्यात येतो.) बालशिक्षणाची माँटेसरीबाईंची साधनं महाग. ती वारली वस्तीत कुठून आणणार? तेव्हा या बायकांनी शंख, शिंपले, बिया, पानं, दगड गोळा केले आणि त्यांच्यावर मोजणी, रंग, आकार शिकवले. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. तिथे साधन वरून आलं नव्हतं, मुलांच्या पायाखालून उचललं होतं. आम्ही डी.एड.ला हे सगळं परीक्षेपुरतं पाठ केलं आणि विसरलो.

१९६० साली महाराष्ट्र झाला. आमच्या यवतमाळ जिल्ह्याचेच वसंतराव नाईक यांच्या समितीच्या अहवालावरून जिल्हा परिषदा आल्या. १ मे १९६२ पासून त्यांचा कारभार सुरू झाला आणि खेड्यातली प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेची झाली. २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात बालभारती स्थापन झाली. हे फार मोठं काम झालं. राज्यातल्या कुठल्याही पोरासाठी तेच पुस्तक, सारख्याच किमतीत. १९७१च्या दिवाळीपासून बालभारतीने 'किशोर' मासिक काढलं. माझ्या पहिल्या शाळेत त्याचा अंक यायचा तो आधी मी वाचायचो, मग मुलं. अक्षरं सुटी होईपर्यंत तो हाताहातातून फिरायचा. कपाटात न गेलेलं माझ्या आठवणीतलं हे एकच साधन. कारण साधं होतं. त्याची नोंद जडसंग्रह रजिस्टरला नव्हती. या रजिस्टरबद्दल पुढे सांगतो.

१९७३ साली मी नोकरीला लागलो. (बी.ए. नंतर बाहेरून केलं, नागपूर विद्यापीठाचं, मराठी वाङ्मय घेऊन.) काही वर्षांनी एका पोडावर बदली झाली. शाळा एकशिक्षकी. चार वर्ग, एक खोली, एक मी. पहिल्याच आठवड्यात अक्षरांचा तक्ता टांगला. 'घ'वर बोट ठेवलं आणि शेजारचं चित्र दाखवून विचारलं, "हे काय?" पुढे बसलेला एक सहा वर्षांचा पोरगा मोठ्याने म्हणाला, "एल्ला!"

मी म्हणालो, "चूक. घर. घ घराचा."

पोरगा खाली बसला. त्यानंतर बरेच दिवस तो काही बोलला नाही.

महिन्याभराने कळलं की कोलामीत घराला 'एल्ला'च म्हणतात. पाण्याला ईर, झाडाला माक. कोलामी ही मराठीची बोली नाही. ती द्राविडी भाषा आहे, तेलुगू आणि गोंडीच्या गोतातली. शासनाने राज्यात ज्या तीन जमाती आदिम म्हणून धरल्या आहेत त्यात कातकरी, माडिया गोंड आणि आमचे कोलाम. त्या पोराने चित्र बरोबर ओळखलं होतं, शब्दही बरोबर सांगितला होता. चुकलो होतो मी.

मग मी एक शंभर पानी वही केली. पोडावरच्या एका म्हाताऱ्या बाबांजवळ संध्याकाळी बसायचो आणि शब्द उतरवून घ्यायचो. अंगाचे अवयव, धान्यं, नाती, जनावरं, पाऊस, भूक. दीड-दोनशे शब्द तरी झाले असतील. पुठ्ठ्यावर कागद चिकटवून एक तक्ता केला. डावीकडे चित्र, मध्ये कोलामी शब्द, उजवीकडे मराठी. मुलांनी तो पहिल्यांदा वाचला तेव्हाचा गलका अजून कानात आहे. आपल्या घरातला शब्द गुरुजींच्या भिंतीवर लिहिलेला त्यांनी कधी बघितलाच नव्हता. तो गप्प बसलेला पोरगा आता मलाच शिकवायला लागला. माझा उच्चार चुकला की पोट धरून हसायचा.

पुढच्या तपासणीत साहेब आले. नाव सांगत नाही, माणूस वाईट नव्हता. तक्त्याकडे बघून म्हणाले, "गुरुजी, हे कोणत्या अभ्यासक्रमात आहे?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. खरं तर उत्तर होतं. राज्यघटनेच्या ३५०-क अनुच्छेदात लिहिलेलं आहे की भाषिक अल्पसंख्य समाजातल्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी. ही तरतूद १९५६ पासून आहे. पण मला ती ठाऊक नव्हती, आणि ठाऊक असती तरी मी साहेबांना ऐकवली असती असं छातीठोक सांगवत नाही. साहेबांनी तक्ता काढा म्हटलं नव्हतं, नुसतं विचारलं होतं. तो काढला मी, माझ्या हाताने, ते गेल्यावर. मुलांना सांगितलं की कागद फाटला म्हणून.

असो. आता जरा बाहेरच्या जगात येऊ.

त्याच सुमारास देशात एक मोठा प्रयोग होऊन गेला होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं वर्षभर अमेरिकेच्या एका उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शन पोचवलं. 'साइट' म्हणून तो प्रयोग ओळखला जातो. सकाळी दीड तास शाळेतल्या मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास गावासाठी. त्यातूनच सुमारे ४८ हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवायचं प्रशिक्षण दिलं गेलं. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचे प्रमुख तेव्हा प्रा. यश पाल होते, ज्यांनी पुढे १९९३ मध्ये दप्तराच्या ओझ्यावरचा प्रसिद्ध अहवाल दिला. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. पैनगंगेपलीकडचा आंध्र होता, अलीकडचे आम्ही नव्हतो. आम्ही त्याबद्दल वर्तमानपत्रात वाचलं.

आपल्याकडे ती पाळी आली १९८४ साली. इन्सॅट उपग्रह वर गेला होता आणि पुण्यात बालचित्रवाणी ही संस्था निघाली. मराठी मुलांसाठी, बालभारतीच्या अभ्यासक्रमाला धरून दूरदर्शनचे कार्यक्रम. ज्यांचं बालपण ऐंशी-नव्वदच्या दशकातलं आहे, त्यांना तिची सुरुवातीची धून अजून आठवत असेल. माझ्या भाच्या-पुतण्यांना आठवते. माझ्या विद्यार्थ्यांना आठवत नाही, कारण शाळेत वीज नव्हती. आणि कार्यक्रम त्याच्या वेळेला लागायचा, आमचा धडा आमच्या वेळेला यायचा. थांबवता येत नाही, मागे नेता येत नाही. पुढे निधी आटला आणि २०१७ मध्ये शासनाने बालचित्रवाणी बंद केली. चांगली माणसं तिथे होती, चांगलं काम झालं होतं. वाईट वाटलं.

आता कपाटाची गोष्ट.

१९८६च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातून १९८७ मध्ये केंद्राने योजना काढली, आपल्याकडे तिला खडू-फळा योजना म्हणत. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, निदान दोन शिक्षक, आणि शिकवण्याचं किमान साहित्य. कल्पना उत्तम होती. एकशिक्षकी शाळांना दुसरा शिक्षक मिळाला, हे मी स्वतः भोगलेलं सुख आहे. तोवर मी दुसऱ्या शाळेवर होतो. एक दिवस पंचायत समितीतून निरोप आला आणि आम्ही बैलगाडीतून पेट्या आणल्या. विज्ञानपेटी, गणितपेटी, हत्यारांची छोटी पेटी, नकाशे, पृथ्वीचा गोल. त्यात लोहचुंबक होतं, भिंग होतं. सगळं नवं कोरं. पेट्या उघडल्या तेव्हा आम्ही दोघे शिक्षकही लहान मुलांसारखे हरखलो होतो.

आणि मग मी ते सगळं जडसंग्रह रजिस्टरला चढवलं.

हे रजिस्टर म्हणजे शाळेच्या टिकाऊ मालमत्तेची नोंद. इंग्रजीत डेडस्टॉक म्हणतात, आमच्यातही तोच शब्द रूढ. मेलेला साठा! नाव ठेवणाऱ्याला नमस्कार. त्यात चढलेली वस्तू हरवली, फुटली, तर जबाबदार मुख्याध्यापक. बदलीच्या वेळी एकेक वस्तू मोजून द्यावी लागते, कमी भरली तर स्वतःच्या खिशातून. तेव्हाचा पगार आणि घरातली चार तोंडं बघता भिंग फुटणं परवडणारं नव्हतं. वापरून झिजलेल्या वस्तूला आमच्या रजिस्टरात रकाना नव्हता. म्हणजे न वापरणं सगळ्यात सुरक्षित. पोडावरच्या तक्त्याने मला एक धडा आधीच शिकवला होता, रजिस्टरात नाही ते साधन नव्हे. आता दुसरा शिकलो, रजिस्टरात आहे ते राखायचं असतं.

चौथीतली एक मुलगी होती. पेट्या आणल्या त्या दिवशी तिने लोहचुंबकाला खिळे चिकटलेले बघितले होते. पुढे कितीदा तरी म्हणाली, "गुरुजी, ते खिळे वढनारं एक डाव द्या ना." मी म्हणायचो, देऊ. साहेब यायचे असले की पेट्या बाहेर निघायच्या, टेबलावर मांडायच्या, मुलांनी हात मागे बांधून बघायचं. ती चौथी पास झाली, शाळा सुटली, लग्न झालं. लोहचुंबक तिच्या हातात मी दिलं नाही.

माझी बदली झाली तेव्हा साहित्य मोजून दिलं. एकही नग कमी नाही. ताबा घेणाऱ्यांनी शेरा लिहिला, 'सर्व साहित्य सुस्थितीत'. त्या शेऱ्याचा मला फार अभिमान वाटला होता, हे आज लिहिताना लाज वाटते.

मी एकटाच असा होतो असं नाही. पुढे कळलं की कॅरोलाइन डायर नावाच्या इंग्रज बाईंनी गुजरातेत राहून या योजनेचा अभ्यास केला आणि २००० साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्याचा मथितार्थ असा की शिक्षकाला काय हवं हे न विचारता वरून साहित्य पाठवलं आणि ते वापरायचं कसं हेही नीट पोचलं नाही. पण दुसऱ्याच्या पुस्तकात आपला गुन्हा छापलेला असला म्हणून तो माफ होत नाही.

२००१ नंतर सर्व शिक्षा अभियान आलं. प्रत्येक शिक्षकाला स्वतः साहित्य बनवायला वर्षाला ५०० रुपये मिळू लागले. रक्कम लहान, पण पहिल्यांदाच कोणी तरी म्हणत होतं की तुम्हीही साधन बनवू शकता. कोणी खरोखर सुंदर तक्ते, बाहुल्या, शब्दपट्ट्या केल्या, कोणी पांढरकवड्याच्या दुकानातून छापील तक्ते आणून पावती जोडली. मी दोन्ही केलं.

त्याच वर्षांत संगणक आला. पन्नाशी उलटल्यावर मी एमएससीआयटीची परीक्षा दिली, माऊस टेबलावरून खाली पाडत. इंटरनेटवर मराठी तेव्हा नवं होतं. आम्ही प्रश्नपत्रिका संगणकावर करायचो, पण माझा फाँट एक, दुसऱ्या शाळेचा वेगळा. पेनड्राइव्हवर नेलेली चाचणी तिकडे उघडली की नुसती चित्रलिपी! युनिकोड रुजलं तेव्हा कुठे एका गुरुजींनी लिहिलेलं दुसऱ्या गुरुजींना वाचता येऊ लागलं. ही गोष्ट लहान वाटते, पण माझ्या मते इथून खरा बदल झाला. तोवर साधन पुण्याहून, दिल्लीहून आमच्याकडे यायचं. आता शिक्षकाकडून शिक्षकाकडे जाऊ लागलं.

आणखी एका माणसाचं ऋण सांगायलाच हवं. अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरचा इंजिनियर, आणि आयुष्य घातलं काड्यापेटी, सायकलची ट्यूब, जुनी वर्तमानपत्रं यांच्यापासून विज्ञानाची खेळणी करण्यात. पुण्याच्या आयुकात ते बरीच वर्षं होते, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर खेळणी कशी करायची ते आणि ढीगभर पुस्तकं फुकट आहेत, मराठीतही. निवृत्तीच्या सुमारास, २००९ साली, ते संकेतस्थळ मला पुतण्याने दाखवलं. मी बघत बसलो. कचऱ्यातून केलेलं खेळणं! फुटलं तर दुसरं करा, रजिस्टरला चढवायला काही नाहीच. वीस वर्षं आधी हे दिसलं असतं तर, असं वाटून गेलं. मग वाटलं, कोसबाडच्या शिंपल्या तर मला दिसल्या होत्या. तेव्हा मी काय केलं?

पुढचा इतिहास मी बाहेरून बघितला. शहापूर तालुक्यातली पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा डिजिटल म्हणून गाजली. साताऱ्याच्या कुमठे बीटात मुलं जमिनीवर बसून स्वतः शिकताना बघायला राज्यभरचे शिक्षक जाऊ लागले, आमच्या भागातूनही गेले. जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासननिर्णय आला. गावोगाव लोकवर्गणीतून टीव्ही, प्रोजेक्टर, टॅब घेतले गेले. (विजेचं बिल थकून जोडणी कापली की ते पुन्हा कपाटात, हेही झालं.) सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकावर क्यूआर कोड छापायची कल्पना राबवली. ती बालभारतीने उचलली आणि पुस्तकातल्या त्या चौकोनावर मोबाईल धरला की धड्याचा आवाज, चित्र, खेळ समोर येऊ लागलं. ५ सप्टेंबर २०१७ला केंद्राचं 'दीक्षा' सुरू झालं. डिसले गुरुजींना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, दहा लाख डॉलर, आणि त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिले. जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर! त्या दिवशी मी घरी पेढे आणले होते.

त्याच वर्षी करोना होता. मार्चपासून शाळा बंद. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणून रोजचा अभ्यास मोबाईलवर येऊ लागला. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' सुरू झाली. माझी नात नागपुरात लॅपटॉपपुढे बसून शिकत होती. इकडे ज्या घरात एकच मोबाईल तो बापाबरोबर वावरात, आणि रेंज हवी तर टेकाडावर जायचं. किती मुलांपर्यंत काय पोचलं हे ज्याच्या त्याच्या गावाला विचारा. खेड्यातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला १ डिसेंबर २०२१ उजाडला.

पण त्या काळातली एक गोष्ट मला विसरता येत नाही. टाळेबंदी सैल झाल्यावर एका लग्नाच्या निमित्ताने माझ्या जुन्या शाळेच्या गावी गेलो होतो. एका अंगणात एक बाई आपल्या पोराच्या हातात मोबाईल देऊन बसली होती. पोरगं पुस्तकावर मोबाईल धरून काही तरी बघत होतं. मी ओळखलं नाही, तिने ओळखलं. लोहचुंबकवाली. मी सवयीने म्हणालो, "अगं, पोराच्या हाती मोबाईल? पडला, फुटला तर?"

ती म्हणाली, "फुटू द्या ना गुरुजी. शिकते त शिकू द्या."

तिने ते मला लागावं म्हणून म्हटलं नव्हतं. तिला ते लोहचुंबक आठवतही नसेल. मला आठवलं.

आता परत त्या तरुण शिक्षकांकडे येतो. चार दिवसांनी मी त्यांना फोन करून बोलावलं आणि ही सगळी हकीकत सांगितली. मग विचारलं, तुमच्या मोबाईलवर 'घ' आला की काय दिसतं? त्यांनी लावून दाखवलं. सुरेख रंगीत घर, धुराडं, फुलझाडं, आणि गोड आवाज, "घ घराचा". मी विचारलं, मुलं काय म्हणतात? ते हसले. म्हणाले, "अजून एल्लाच म्हणतात, सर."

म्हणजे तक्ता गेला, पेटी गेली, उपग्रह झाला, मोबाईल आला. आणि पोडावरचं पोरगं चित्र बघून आजही बरोबर उत्तर देतं आणि समोरचं यंत्र आजही वेगळंच सांगतं. साधनं सगळी वरून खाली आली, एकामागून एक, प्रत्येक आधीच्यापेक्षा देखणं. खालून वर काही गेलं नाही, कारण रस्ता नव्हता. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानेही सांगितलं की शक्य तोवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवा. पण कोलामीतून शिकवायचं तर कोलामीतलं साहित्य पुण्यात कोण बनवणार? ते पोडावरच बनायला हवं. कोलामीचं व्याकरण लिहिलं ते एमेनो या अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या पंडिताने. १९३०च्या दशकात ते इकडे येऊन वर्ध्याकडच्या कोलामांची भाषा शिकले आणि १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातून त्यांचं पुस्तक निघालं. मी पोडावर वही घेऊन बसलो होतो तेव्हा असं पुस्तक जगात आहे हेही मला ठाऊक नव्हतं.

आज मात्र रस्ता आहे, एवढंच मला त्या शिक्षकांना सांगायचं होतं. मेळघाटातल्या कोरकू मुलांसाठी कोरकूत गोष्टी तयार होऊन प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर गेल्या आहेत, कोणीही फुकट वाचाव्या. मग कोलामीत का नाही? आमचा तक्ता एका भिंतीवर होता, मी तो काढला आणि संपला. तुमचा तक्ता असा एकट्याने कोणाला काढता येणार नाही.

ते ऐकून घेत होते. गेल्या रविवारी त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून मी पोडावर गेलो. (सौ.नी परवानगी दिली नव्हती, हे वाचून तिला कळेल.) एका आजीला मुलांनी मधे बसवलं होतं. त्या एकेक शब्द सांगायच्या, गुरुजी मोबाईलवर आवाज धरायचे, मुलं चित्रं काढायची. मध्येच कोंबडा आरवायचा, की पुन्हा पहिल्यापासून. मीही माझे शब्द आठवून बघितले. वहीतले दीड-दोनशे होते, डोक्यात पंचवीस-तीसच उरलेत. त्यातला एक मी चुकीचा उच्चारला आणि सगळी पोरं हसली. फार बरं वाटलं.

ती वही कुठल्या तरी बदलीत हरवली, असं मी धरून चाललो होतो. पण वाघाडी नदीचं पाणी घरात शिरेल म्हणून एका पावसाळ्यात आम्ही सगळे कागद ट्रंकेत भरून थोरल्या भावाकडे ठेवले होते, असं सौ. म्हणते. तेव्हा यवतमाळच्या मंडळींना विनंती, दादांच्या माळ्यावरची हिरवी ट्रंक कृपया टाकून देऊ नका, मी दिवाळीआधी येतो आहे. आणि वाचकांत जे कोणी निवृत्त गुरुजी, बाई असतील, ज्यांनी पोडावर, पाड्यावर, तांड्यावर नोकरी केली असेल, त्यांनीही आपापल्या ट्रंका उघडून बघाव्यात. काही सापडलं तर कळवा. युनिकोडमध्ये उतरवून द्यायचं काम माझ्याकडे. सध्या वेळ भरपूर आहे.